इथेनॉलचा हिशोब उसाच्या सरीपासून मांडा

महोदय,

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी ठरले होते. ते २०२५-२६ वर आणले गेले आणि गाठलेही गेले. खनिज तेलाच्या आयातीवरचे परकीय चलन वाचते, वाहनांच्या धुरातला कार्बन घटतो आणि कारखान्यांच्या हातात रोख पैसा येऊन उसाची बिले लवकर निघतात, असे तीन फायदे सांगितले जातात. तिन्हींत तथ्य आहे. मात्र या जमाखर्चात पाण्याचा रकाना कोरा आहे, आणि वर्षाला जेमतेम ७००-८०० मिलिमीटर पावसावर जगणाऱ्या मराठवाड्याला तो कोरा ठेवून चालत नाही.

आकडा सरकारचाच घेऊ. नीती आयोगाने २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात १ टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल निघते असे धरले आहे. १ किलो साखरेमागे १,६०० ते २,००० लिटर आणि उसापासूनच्या १ लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असेही त्यातच नमूद आहे. उन्हाळ्यात आपल्या गावात येणारा १२ हजार लिटरचा टँकर या मापाने ४ लिटर २०० मिलिलिटर इथेनॉल होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० डब्यांतून ५ लाख लिटर आले, पुढे ५० डब्यांची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. त्या ५० डब्यांतले पाणी उसाला घातले तर हाती ८७४ लिटर इथेनॉल येते.

असे असूनही कोणत्याही नव्या आसवनी (इथेनॉल गाळणाऱ्या) प्रकल्पाच्या मंजुरीच्या कागदात पाण्याची अडचण दिसत नाही, कारण तिथे मोजले जाते ते कारखान्याच्या फाटकाच्या आतले पाणी. उसातच ७० टक्के पाणी असते. बाष्पकांतून निघणारे गरम पाणी थंड करून पुन्हा वापरले, तर चांगला कारखाना बाहेरून फार थोडे पाणी घेतो. आसवनीतही लिटरमागे काही लिटर ताजे पाणी पुरते. कागद खोटा नाही, अपुरा आहे. लिटरमागे पावणेतीन हजारांवर लिटर जिथे खर्च होतात, ते शिवार मंजुरीच्या नकाशात नसतेच. त्यात २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने निव्वळ इंधनासाठी इथेनॉल करणाऱ्या विस्तारांना आणि धान्यावरच्या प्रकल्पांना ठरावीक अटींवर ‘बी-२’ वर्गात टाकले. या वर्गात जनसुनावणी होत नाही. पूर्वी सुनावणीत निदान गावातला एखादा माणूस उठून ‘आमच्या विहिरीचे काय’ एवढे तरी विचारू शकत होता.

रोज १०० किलोलिटर, म्हणजे १ लाख लिटर क्षमतेचा एक प्रकल्प थेट उसाच्या रसावर १५० दिवस चालला असे धरा. त्याला रोज साधारण १,४३० टन, हंगामात २ लाख १४ हजार टन ऊस लागेल. एकरी ३५ टनांच्या उताराने हे ६,१०० एकर होतात. नीती आयोगाच्या मापाने या उसाला लागणारे पाणी ४३ दशलक्ष घनमीटर (दलघमी) भरते. धनेगावच्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा १७७ दलघमी आहे आणि त्यावर लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब यांची तहान अवलंबून आहे. म्हणजे एका मध्यम प्रकल्पामागे पाव मांजरा. यावर कोणी म्हणेल की या ४३ दलघमीत पावसाचे पाणीही आले. बरोबर आहे. उपयोगी पडणाऱ्या पावसाचा तिसरा हिस्सा वजा केला तरी २८-२९ दलघमी धरणातून, विहिरीतून किंवा बोअरमधूनच उपसावे लागतात.

इथे एक भेद केलाच पाहिजे, नाहीतर टीका आंधळी होते. सगळे इथेनॉल सारखे नसते. साखर पूर्ण काढून घेतल्यावर उरणाऱ्या सी-हेवी मळीपासून टन उसामागे १०-११ लिटर इथेनॉल निघते. त्यासाठी जादा टिपरू लावावे लागत नाही. ती मळी तशीही निघणारच असते. या इथेनॉलवर २,८६० लिटरचा बोजा टाकणे अन्यायाचे आहे. बी-हेवी मळीत थोडी साखर सोडली जाते आणि रसापासूनच्या इथेनॉलमध्ये सगळीच. उसाखालचे क्षेत्र वाढवण्याची ओढ या दोन प्रकारांतून येते. सरकारी खरेदीदरही त्याच क्रमाने चढतो: सी-हेवीला लिटरमागे ५७ रुपये ९७ पैसे, बी-हेवीला ६० रुपये ७३ पैसे, रसाला ६५ रुपये ६१ पैसे. जिथे पाणी सर्वाधिक लागते तिथे दर सर्वाधिक आहे. साखरेच्या तोट्याची भरपाई म्हणून हा क्रम समजतो, पण तुटीच्या खोऱ्यातल्या कारखान्याला तोच दर आणि नदीकाठच्या सुबत्तेतल्या कारखान्यालाही तोच, हे समजत नाही.

धरणाचे पाणी निदान दिसते. मराठवाड्यातला बराच ऊस बोअरवर उभा आहे आणि तिथला हिशोब आणखी कडक आहे. आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. वरचा मुरूम आणि त्याखालचा भेगाळ थर एवढ्यातच काय ते पाणी मुरते. या खडकातून प्रत्यक्ष उपसता येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्केच असते. २ टक्के धरू. पावसाचा वाटा सोडून उसाला वर्षाला दीड मीटर उंचीचे पाणी वरून द्यावे लागते, असे मानले तर दीड भागिले शून्य दशांश शून्य दोन, उत्तर ७५. एका एकरातला ऊस जगवताना ७५ एकरांखालची पाणीपातळी १ मीटरने उतरते. त्या ७५ एकरांत शेजाऱ्याची आडावरची तूर असते, गावाची पाणीपुरवठ्याची विहीरही असते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा, खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणून नियंत्रणाखाली आणले. आज मराठवाड्यात बोअरची गाडी ६०० फुटांच्या अलीकडे थांबली तर लोकांना नवल वाटते. इतक्या खोलवर लागणारे पाणी बंदिस्त फटीतले, अनेक वर्षांचे साठलेले असते. ते एकदा संपले की पुढच्या पावसाळ्यात भरून येत नाही. म्हणून तर पहिल्या वर्षी दोन इंची चालणारा बोअर तिसऱ्या वर्षी फुसफुस करतो.

‘ठिबक करा, प्रश्न मिटेल’ हे उत्तर कारखान्याच्या वार्षिक सभेपासून मंत्रालयापर्यंत तयार असते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात बारमाही पिकांना ठिबक वा तुषारशिवाय कालव्याचे पाणी न देण्याची तरतूद आहे, जुलै २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला आणि अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. एवढे असून पाणी का वाचत नाही, हे शिवारात उतरून पाहण्यासारखे आहे.

५ फुटी सरीला एकरी सुमारे २,७०० मीटर नळी लागते. दर ४० सेंटिमीटरवर एक ड्रिपर धरला तर एकरात पावणेसात हजार ड्रिपर होतात. ड्रिपर ताशी २ लिटरचा असेल तर तासाला साडेतेरा हजार लिटर पाणी पडते. मे महिन्यात उसाला दिवसाला ८ मिलिमीटर लागतात असे धरले तर एकराला रोज ३२ हजार लिटर, म्हणजे संच अडीच तास चालवणे पुरेसे. डिसेंबरात ४ मिलिमीटरला सव्वा तास पुरतो. प्रत्यक्षात काय होते? पंपाला ऑटो स्विच असतो. वीज रात्री कधीतरी येते, पंप आपोआप सुरू होतो आणि आठ तासांनी वीज जाईपर्यंत चालतो. त्या आठ तासांत एकरावर २७ मिलिमीटर पाणी पडते. काळ्या जमिनीत ते मुळांखाली उतरते, नत्र सोबत घेऊन जाते, आणि शेतकरी म्हणतो, ठिबकवर ऊस पिवळा पडतो, त्यापेक्षा पाट बरा. पाच-सहाशे रुपयांचा साधा टायमर इथे जे काम करील ते हजारो रुपयांच्या अनुदानाने होत नाही, पण अनुदानाच्या यादीत नळी, फिल्टर, व्हॉल्व्ह असतात आणि टायमरकडे कोणी पाहत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. साडेतेरा हजार लिटर ताशी लागतात आणि बोअर देतो पाच-सहा हजार. अशा वेळी एकराचे दोन-तीन भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह हवा. तो बसवत नाहीत, मग संचावर १ किलोचा दाब येत नाही, सरीच्या सुरुवातीचा ऊस डोक्याएवढा आणि शेवटचा गुडघ्याएवढा राहतो. शेवटच्या सरीकडे पाहून मालक पाट फोडतो. तिसरी गोष्ट क्षारांची. खोल बोअरचे पाणी जड असते; ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर साचतो. यावर उपाय सोपा आहे. शेवटच्या ड्रिपरमधून येणाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास येईपर्यंत आम्ल सोडायचे, संच २४ तास बंद ठेवायचा, मग नळ्यांची टोके उघडून धुऊन काढायच्या. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्यात शेवाळ असेल तर ब्लीचिंगचे पाणी सोडतात. ते आणि आम्ल एका दिवशी वापरू नये, विषारी वायू होतो. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाबमापक हवा. दोन्हींत अर्ध्या किलोहून जास्त फरक दिसला की फिल्टर उलटा धुवायचा. बहुतेक संचांवर दाबमापक पहिल्या वर्षीच मोडलेला असतो. आणि तोडणीनंतर पाचट पेटवले की नळी त्यातच जाते. खोडव्याआधी (तोडलेल्या बुंध्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाआधी) नळ्या गुंडाळून बांधावर घेण्याची मजुरी कोणी द्यायची, हा वाद कारखाना आणि शेतकरी यांच्यात कुठेच सुटलेला नाही.

हे सगळे नीट केले तरी एक गाठ उरते, आणि ती तंत्राची नाही. ठिबकने एका एकरात वाचलेले पाणी जमिनीत किंवा धरणात राहत नाही. त्यावर पुढच्या वर्षी शेजारच्या एकरात लागण होते. एकरी पाणी घटते, खोऱ्याचा उपसा होता तेवढाच राहतो किंवा वाढतो. ठिबकचे अनुदान देताना त्या गटातले उसाचे एकूण क्षेत्र गोठवले नाही, तर तो पैसा पाणी वाचवण्याऐवजी ऊस वाढवण्यावर खर्च होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, पिके वाहून गेली, धरणे भरून वाहिली. आता पाण्याची चर्चा कशाला, असे वाटणे साहजिक आहे. खरे तर चर्चेची वेळ हीच. धरण भरलेल्या वर्षी पूर्वहंगामी आणि सुरू लागण उदंड होते. सुरू ऊस बारा महिने, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, आडसाली सोळा-अठरा महिने शेतात असतो. मग खोडवा आणखी एक वर्ष. जानेवारी २०२६ मध्ये लावलेला ऊस खोडव्यासह जानेवारी २०२८ पर्यंत पाणी मागत राहणार. सोयाबीन, हरभरा पाऊस पाहून बदलता येतात. ऊस म्हणजे दोन वर्षांच्या पाण्याची आगाऊ उचल असते, आणि मधल्या वर्षी पावसाने दगा दिला की ती फेडता येत नाही. मग मृतसाठ्यातून उपसा, टँकर आणि उभा ऊस चारा छावणीला, हा क्रम आपण पाहिला आहे. आसवनीच्या कर्जाचा हप्ता मात्र दुष्काळ बघत नाही, म्हणून प्रकल्प उभा राहिला की तो ऊस ओढतोच. क्षमता आधी आणि ऊस नंतर, असा उलटा प्रवास चालतो.

सांडपाण्याचे थोडक्यात. १ लिटर इथेनॉलमागे साधारण ८ ते १२ लिटर स्पेंटवॉश (आसवनीचे सांडपाणी) निघतो. काळपट-तांबडा, आम्लधर्मी, सेंद्रिय भार घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट. नियमाने एक थेंबही बाहेर जाता कामा नये. तो बाष्पकांत आटवून घट्ट करतात आणि बगॅस म्हणजे उसाच्या चिपाडासोबत खास बॉयलरमध्ये जाळतात. राखेत पोटॅश मिळते. जुने प्रकल्प तो प्रेसमडवर (रस गाळताना उरणाऱ्या गाळावर) शिंपडून कंपोस्ट करतात. गडबड दोन ठिकाणी होते. स्पेंटवॉशमधल्या पोटॅशमुळे बॉयलरच्या नळ्यांवर थर चढतो, काही आठवड्यांनी बॉयलर धुण्यासाठी थांबवावा लागतो, पण किण्वन थांबत नाही. तेवढ्या दिवसांचा स्पेंटवॉश साठवण तलावात जातो. तलावाखालचे प्लॅस्टिक अस्तर एकदा फाटले की खालच्या भेगाळ खडकातून रंग दूरच्या विहिरीत उतरतो. कंपोस्टच्या ओट्यांवर पावसाळ्यात स्पेंटवॉश टाकायचा नसतो. अवकाळीत ओटा धुऊन निघतो तो ओढ्यातच. निर्गमाच्या तोंडाशी लावलेला ऑनलाइन संवेदक या दोन्ही गळत्या पकडू शकत नाही, कारण त्या तोंडातून काही निघतच नाही. पकडायच्या असतील तर तलावाच्या चारही बाजूंना निरीक्षण विहिरी हव्यात आणि त्यांची वाचने गावाला दिसायला हवीत.

जागतिक बाजाराशी याचा संबंध लांबचा वाटेल. तो अगदी जवळचा आहे. ब्राझीलमधला बहुतांश ऊस पावसावर येतो. तिथला शेतकरी पंप न चालवता ऊस काढतो आणि तीच साखर जगाचा भाव ठरवते. आपण उपसलेल्या पाण्यावर त्या भावाशी स्पर्धा करतो. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला भारताच्या साखर अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले, डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या पॅनेलने भारताविरुद्ध निर्णय दिला, भारताने अपील केले. भांडण अनुदानाचे होते. पाण्याचा त्यात विषय नव्हता, आणि तो आपणही काढला नाही. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. किलोला १,६०० लिटरचा कमी आकडा धरला तरी तिच्यासोबत जायकवाडीच्या एकूण साठवणक्षमतेएवढी सहा धरणे गेली. पुढे पावसाने ओढ दिली, साखर महागण्याची चिन्हे दिसली, तेव्हा ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर एका आदेशाने बंदी घातली. आठवडाभरात ती १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत शिथिल झाली, २०२४-२५ साठी पूर्ण उठली. यातून एक गोष्ट सिद्ध होते. शहरातल्या साखरेच्या भावासाठी इथेनॉलचा नळ रातोरात बंद करता येतो. खोऱ्यातल्या पाण्यासाठी तो कधीही बंद झालेला नाही.

उसावरचा ताण कमी व्हावा म्हणून आता धान्याकडे ओघ वळला आहे. पाण्याच्या दृष्टीने मका उसापेक्षा कितीतरी बरा. सिल्लोड-कन्नड पट्ट्यात तो खरिपात पावसावर येतो आणि प्रकल्पांच्या मागणीने त्याला भावही मिळाला. पण त्याची किंमत लातूरच्या मोंढ्यात कोणी मोजली? १ टन मक्यापासून ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल निघते आणि अडीच-तीन क्विंटल सुका चोथा उरतो. यालाच डीडीजीएस म्हणतात. मक्याच्या चोथ्यात पाव हिस्सा प्रथिने असतात, तांदळाच्या चोथ्यात त्याहून बरीच जास्त. कोंबडी आणि जनावरांच्या खाद्यात तो सोयापेंडीची जागा घेतो, आणि स्वस्त पडतो. १ क्विंटल सोयाबीनमधून १८ किलो तेल आणि ८० किलोच्या वर पेंड निघते, तेव्हा पेंडीची मागणी घसरली की सोयाबीनचा भाव उभा राहत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलाचे आयातशुल्क वाढवले तरी त्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असलेले सोयाबीन चार हजार, सव्वाचार हजारांवर अडकले, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक होते. तेलाचे शुल्क वाढवून पेंडीचे दुखणे बरे होत नाही. भारतीय अन्न महामंडळाचा तांदूळ २०२५ मध्ये किलोला साडेबावीस रुपयांनी आसवन्यांना दिला गेला, ती वेगळीच तऱ्हा. त्यातला बराच पंजाब-हरियाणाच्या उपशावर पिकलेला. पाण्याचे ओझे एका दुष्काळी भागातून दुसऱ्या भागात सरकवण्याला बचत म्हणायचे असेल तर म्हणा.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने बांधलेला किमान दर आहे, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक वजा जाता अडीच-पावणेतीन हजार हाती येतात, आणि माल शेतातून उचलणारा खरेदीदार ठरलेला असतो. सोयाबीनचा हमीभाव कागदावर, खरेदी केंद्र दूर, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की पोते परत. यात शहाणा माणूस ऊसच लावील. पण खोऱ्याच्या पातळीवर गणित उलटे होते. उसाला वरून द्यावे लागणारे पाणी एकरी सुमारे ६ हजार घनमीटर. सोयाबीनला शेंगा भरताना तुषारची एक पाळी आणि मागाहून हरभऱ्याला दोन, प्रत्येकी ५० मिलिमीटर धरल्या तर वर्षाला एकरी ६०० घनमीटर. एका एकर उसाच्या पाण्यात दहा एकर सोयाबीन-हरभरा हमखास निघतो. अडचण एवढीच की पाणी एकाच्या बोअरमध्ये असते आणि ती दहा एकरे दहा जणांची असतात.

चितळे आयोगाने १९९९ मध्येच लागवडीयोग्य जमिनीच्या दर हेक्टरी उपलब्ध पाण्यावरून खोऱ्यांची वर्गवारी केली होती: १,५०० घनमीटरच्या खाली अतितुटीचे, ३,००० पर्यंत तुटीचे. मापदंड तयार आहे. नव्याने समिती नेमण्याची गरज नाही. आसवनीच्या मंजुरी अर्जात फाटकाच्या आतल्या पाण्याशेजारी एक रकाना वाढवावा: कच्चा माल कोणत्या उपखोऱ्यातून येणार, किती एकर, आणि त्याला धरणाचे किती, भूजलाचे किती पाणी. ही माहिती कारखान्याकडे असतेच. शेतकी खात्याचा स्लिपबॉय गटनंबर, लागणीची तारीख आणि जात लिहून ऊस नोंदवतो. त्याच वहीत ‘पाण्याचे साधन’ आणि ‘बोअरची खोली’ असे दोन रकाने वाढवायला फार तर अर्धा मिनिट लागेल. तुटीच्या उपखोऱ्यात थेट रसापासूनच्या इथेनॉलला मंजुरी देऊ नये, सी-हेवीला आडकाठी करू नये. बी-हेवीचे प्रमाण दरवर्षी पाण्यावर ठरावे.

तारीखही ठरलेली आहे. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर जलसंपदा विभाग सिंचनाचे नियोजन करतो आणि त्यानंतर कालवा सल्लागार समित्या बसतात. पुण्याचे साखर आयुक्तालय गाळप परवाने त्याच सुमारास देते. दोन्ही कार्यालयांचे कागद एकमेकांसमोर कधी येत नाहीत. ते यावेत, आणि १५ ऑक्टोबरचा साठा ठरावीक पातळीच्या खाली असेल तर त्या उपखोऱ्यात पुढच्या लागणीची नोंद कारखान्याने घेऊ नये, असा नियम व्हावा. उभ्या उसाला हात लावू नये. त्यात शेतकऱ्याचा पैसा अडकलेला असतो. धरण भरलेल्या वर्षीही नोंदीची कमाल मर्यादा पुढच्या दोन वर्षांचे पिण्याचे पाणी बाजूला काढूनच ठरावी. ठिबकचे अनुदान जलमापक आणि टायमर लावलेल्या संचालाच मिळावे आणि इथेनॉलच्या दरात जादा द्यायचे असेल ते मोजलेल्या पाण्यावर पिकवलेल्या उसालाच द्यावे. नोंदलेल्या उसाचे उपखोरेनिहाय एकर दर वर्षी १५ नोव्हेंबरपर्यंत आपल्यासारख्या वृत्तपत्रांत जाहिरात म्हणून छापण्याचे बंधन कारखान्यांवर घालावे. धरणाचा साठा आपण रोज छापता; त्याच चौकटीत त्या धरणावर उभ्या असलेल्या उसाचा आकडाही छापावा, ही आपणास विनंती.

आपले,
पाटबंधारे, कृषी व साखर तंत्र या क्षेत्रांत काम केलेले काही वाचक
लातूर